कोमल धैवतात कुंभारीण

वडशाच्या मंडळीची पेटी सायकलच्या कॅरेजवर
दोरीनं बांधून आली, दिवाळीच्या आठ दिवस आधी.
पांढरी सहा बोलत नव्हती.
इस्तारी सोनुलेनं काळी एकचा सा धरला, बोटं मोजली,
म्हणाला, "कोमल धैवत मुका झाला वो पोरी.
आता तिसऱ्या अंकात रडन कोन?"

मी पाचवीत. शाळा सुटली की त्याच्या टपरीत.
टपरी पंक्चरची: ट्यूब, सोल्यूशन, पाण्याचं घमेलं,
आणि बिस्किटाच्या डब्यात पितळेच्या जिभा,
एकेक कागदात गुंडाळलेली,
पडलेले दुधाचे दात ठेवावेत तशी.

त्यानं वरची पाटी उचलली.
सुरांच्या ओळीत, नेमकं त्या एका फटीवर
मातीचं मडकं. बोराएवढं.
होळीनंतर पेटी उघडलीच नव्हती कोणी,
भात्याला भोक होतं,
कुंभारीण माशीला तेवढं पुरलं.

ब्लेडनं कड सोडवताना त्याचा श्वास बंद.
मडक्याची एक कपची उडाली.
आत कोळी. मी मोजले, अकरा.
मेलेले नव्हते. काडी लावली की
एखादा पाय हलायचा, झोपेत हलतो तसा.
"लेकराची शिदोरी," तो म्हणाला,
"शिरी होऊ नाही मनून जिती ठेवते."
मला किळस यायला हवी होती.
मी आणखी वाकले.

थुंकीनं माती भिजवून त्यानं भोक बुजवलं,
मडकं टपरीच्या वाशाला फेविकॉलनं चिकटवलं,
आणि भात्याला नवं चामडं लावायला बसला.
सरस सुकेस्तोवर वर वजन हवं.
वजन म्हणजे एक दगड,
वरोऱ्याकडे दिलेल्या बहिणीच्या वावरातला,
वांग्याएवढा, पीळ पडलेला, टोकाला निमुळता.
"ओरख, कायचा?"
मी म्हटलं, रताळं. मग म्हटलं, देव.
"शेन हाये."

नागपूरहून कॉलेजची माणसं जीप घेऊन आली होती,
पोतंभर घेऊन गेली. हा चुलीमागे राहिला.
ज्या जनावराचं, त्याला पाहायला तेव्हा
माणूस नव्हता, गाय नव्हती.
साडेसहा कोटी वर्षं.
आकडा त्यानं असा सांगितला
जसं कोणी पाहुण्याचं गाव सांगतं.
"आन भिंगातून पाह्यलं तं आत गवत.
काचेवानी कन. आपल्या धानाच्या गोतातलं."

मी पळत घरी. आई अंगण सारवत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"सारवाले चालंल का मंग?"
मग हात थांबला, मनगटापर्यंत शेणात.
तिनं बांधीकडे पाहिलं. धान पिवळं पडत होतं.
"धानच म्हनला तो?"
"गोतातलं."
"म्हंजे मावसभाऊच," ती म्हणाली,
आणि पुन्हा सारवू लागली, पण हळू,
कोणी झोपलं असावं अंगणात असं.

मंडळीला इस्तारीनं बिल दिलं,
सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला:
भाता शिवला, साठ.
कोमल धैवत मोकळा केला, चाळीस.
भाडेकरू हलवला, फुकट.

मंडईच्या रात्री, कापलेल्या बांधीत,
पायाला धसकटं टोचत, सगळं गाव नाटकाला.
तिसऱ्या अंकात मुलगा आईला ओळखत नाही,
पेटी तिथे खाली उतरते,
आणि तो सूर आला.
बायकांनी पदर डोळ्यांना लावले.
आईनंही. मी मात्र हसत होते,
शेजारच्या कौतिकाबाईनं चिमटा काढला तरी.
तिला कसं सांगणार,
की या सुरात अकरा कोळी झोपले होते
आणि त्याच्या श्वासावर दोन दिवस
एक अजस्र प्राणी बसला होता, म्हणजे त्याचं शेण.

कार्तिक सरता सरता एका सकाळी
वाशावरच्या मडक्याला भोक दिसलं, गोल, नीट.
उडताना कोणीच पाहिलं नाही,
ना मी, ना इस्तारीनं.
टायरांच्या चळतीवर चढून
मी भोकाला आधी डोळा लावला,
मग कान.